शिडाच्या कापडावर शीड



माझा धंदा लोकांच्या भिंती सजवण्याचा. त्यामुळे 'दिवाणखान्यातलं आरमार' हा विषय मीच मागून घेतला. गेल्या काही वर्षांत हॉलमध्ये जुन्या गलबतांचं कॅनव्हस प्रिंट लावायची हौस वाढली आहे. गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, "सोफ्याच्या मागं एखादं जहाज टाका." कुठलं, हे मात्र कुणी सांगत नाही.

आधी कापडाचं बघू. कॅनव्हस म्हणजे मुळात शिडाचं कापड. या शब्दाच्या मुळाशी भांगेचं झाड आहे. हसू नका, त्याच झाडाच्या वाखापासून शिडं आणि दोर होत. व्हेनिसच्या दमट, खाऱ्या हवेत भिंतीवरची चित्रं टिकेनात आणि शिडाचं कापड तर गावात मुबलक. तिथले चित्रकार भिंत आणि लाकडी फळी सोडून या कापडाकडे वळले, त्यामागं हेही कारण होतं. तेव्हा कॅनव्हसवर जहाज छापणं म्हणजे शिडावरच शीड काढणं.

जहाजांच्या चित्रांत माझा जीव सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांवर, त्यातही विलेम व्हान द व्हेल्ड या बापलेकांवर. दोघांचं नाव एकच. बाप छोट्या होडीत बसून थेट लढाईत जायचा आणि तोफा धडधडत असताना कागदावर रेघा ओढायचा. १६६६ साली इंग्रज आणि डच आरमारं चार दिवस झुंजली, तेव्हाही तो तिथं हजर होता. त्याचं मोठं काम रंगात नाही. पांढऱ्या लेपाच्या फळीवर तो लेखणीनं चित्र काढी. एकेक दोर, एकेक तोफेची खिडकी मोजून घ्यावी. पोरगा रंगात उस्ताद. वारा पडलेला, शिडं लोंबकळलेली, पाणी आरशासारखं आणि वर दोन तृतीयांश नुसतं आभाळ, हे त्याचं खास. पुढं हे दोघं इंग्लंडला गेले आणि १६७४ साली तिथल्या राजानं, दुसऱ्या चार्ल्सनं, त्यांना वर्षाला शंभर-शंभर पौंड बांधून दिले. बापाला लढाया रेखाटायचे आणि पोराला त्या रंगवायचे. कालपर्यंत डचांचे विजय रंगवणारे हात आता इंग्रजांचे विजय रंगवू लागले. मला यात नवल वाटत नाही. आमच्या धंद्यातही ज्याची भिंत त्याची पसंती.

या मंडळींची चित्रं घरी लावायला आज पैसा फारसा लागत नाही. अॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं आपल्या संग्रहातल्या कितीतरी चित्रांच्या मोठ्या फायली फुकट खुल्या केल्या आहेत. छापताना मात्र हिशोब करा. तीन फूट रुंदीला इंचामागं दीडशे ठिपके धरले तर फाईल आडवी ५४०० पिक्सेल हवी. त्याहून बारकी घेतलीत तर दोरखंडांची शेवई होते.

दुसरी गोष्ट कडांची. कापड लाकडी चौकटीवर ताणताना चारही बाजूंनी दीड-दोन इंच मागं दुमडतात. एका घरी मी पाहिलं, कोपऱ्यातली वल्ह्याची होडी अर्धी भिंतीकडे वळलेली आणि चित्रकाराची सही पार बाजूच्या पट्टीवर गेलेली. छापणाऱ्याला आधीच सांगावं, कडेला कोरा पट्टा सोड. आणि पावसाळी भिंतीला प्रिंट चिकटवून टांगू नका. मागं बुचाचे चार तुकडे लावा, हवा खेळू द्या. नाहीतर श्रावणात चौकटीमागं बुरशी ठरलेली.

जपानी चित्रकार होकुसाईची ती जगप्रसिद्ध लाटही लोक पाच फुटी कॅनव्हसवर मागतात. मूळ ठसा कागदावरचा, जेमतेम २५ बाय ३७ सेंटिमीटरचा, हातात धरून बघायचा. ती मी सरळ नाकारतो.

आता एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगतो. गृहस्थ बोटीवरून निवृत्त झालेले, मूळचे देवगडकडचे. त्यांनी स्वतःच चित्र निवडलं होतं. डॉमिनिक सेरेस या चित्रकाराचं, १७७१ सालचं, मूळ ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात. विषय, फेब्रुवारी १७५६ मधला घेरियाचा पाडाव. घेरिया म्हणजे आपला विजयदुर्ग. इंग्रज अॅडमिरल वॉटसनच्या जहाजांनी खाडीत शिरून तोफा डागल्या. किल्ल्याचे धनी तुळाजी आंग्रे यांच्या ताफ्यात इंग्रजांचंच पकडलेलं एक जहाज होतं, त्यावर गोळा पडला, आग पसरली आणि बघता बघता आंग्र्यांचं आरमार जळालं. जमिनीवरून रॉबर्ट क्लाइव्हची इंग्रज फौज चालून आली. सेरेस जन्मानं फ्रेंच, इंग्लंडात स्थायिक झालेला. चित्र लढाईनंतर पंधरा वर्षांनी काढलेलं, आणि अर्थात जिंकणाऱ्याच्या बाजूनं.

नमुना टेबलावर पसरला. त्यांच्या वहिनी चहा घेऊन आल्या, चष्मा लावून वाकल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, किल्ला आपलाच ना? मग यात आपण कुठं?"

गृहस्थ जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वहिनी, आपण दोन्हीकडं. किल्ल्यात आंग्रे आणि बाहेर, इंग्रजांच्या जोडीला, पेशव्यांची फौज."

वहिनींनी कपबशी चित्रावरून उचलून बाजूला ठेवली. प्रिंट छापून झालं, पैसेही मिळाले. चौकटीत ताणायचं मात्र त्यांनी अजून सांगितलेलं नाही. ते गुंडाळी करून माझ्या दुकानात कपाटावर उभं आहे.