ताडपत्रीची पिशवी

आजचा विषय फॅशनचा आहे, आणि त्यासाठी मी तुम्हाला ट्रकच्या एका ताडपत्रीची हकिगत सांगणार आहे.

मार्कुस आणि डॅनिएल फ्रायटाग हे झुरिकचे दोन भाऊ. दोघेही ग्राफिक डिझाइनर. सायकलवरून रेखाटनं न्यायची, वर पाऊस, म्हणजे पिशवीत पाणी शिरता कामा नये. घराजवळच्या पुलावरून मालवाहू ट्रकांची रीघ असे. १९९३ साली त्यांनी एक जुनी ताडपत्री मिळवली, घरच्या न्हाणीघरात टबात घालून धुतली आणि तिची पिशवी शिवली. खांद्याला पट्टा मोटारीच्या सीटबेल्टचा, कडेला गोट सायकलच्या ट्यूबचा.

या तीन वस्तूंची निवड नीट पाहा. ताडपत्री वर्षानुवर्षं ऊन-पाऊस अंगावर घेत आलेली. सीटबेल्ट अपघातात अख्ख्या माणसाला धरून ठेवतो, त्याला चार पुस्तकांचं ओझं ते काय! ट्यूब लवचिक, पाणी न शोषणारी. या वस्तूंची कीव करून कुणी त्यांना जवळ केलेलं नाही. त्यांच्या अंगी गुण होता म्हणून त्या घेतल्या. ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून आपण मुलांकडून ज्या वस्तू करून घेतो, त्या बहुधा महिन्याभरात माळ्यावर जातात. तिथे आपण आधी वस्तू ठरवतो आणि मग हाताला लागेल ते तिला चिकटवतो. समोरच्या मालाला काय येतं, हा प्रश्न राहूनच जातो.

पिशवीचं देखणेपणही याच प्रश्नातून आलं. ताडपत्रीवर कुणा कंपनीचं भलंमोठं अक्षर असतं, पट्टे असतात, दोरीनं घासलेल्या खुणा असतात. या भावांच्या कंपनीत कापणारा कामगार तिच्यावर पारदर्शक साचा ठेवतो, सरकवतो, फिरवतो. अक्षराचा कुठला तुकडा पिशवीच्या दर्शनी बाजूला यावा, लाल पट्टा कडेला की मधून, हे तिथे उभ्याउभ्या ठरतं. म्हणून एका पिशवीसारखी दुसरी होत नाही. कोऱ्या कापडाच्या ठाणावर एकसारखे तुकडे पाडणाऱ्याला असा निर्णय घ्यावाच लागत नाही. इथे कापणाराच रचनाकार होतो, आणि माझ्या मते या साऱ्या उद्योगातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. त्यांची एक पिशवी पुढे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात गेली. पिशव्या महाग आहेत, हेही खरं. धुणं, कापणं, निवडणं या कामाला तिथे रास्त मजुरी मिळते, ती किमतीत उतरणारच.

त्याच १९९३ साली आपल्या पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातल्या कचरावेचक बायांचा या स्विस भावांशी काही संबंध नव्हता. पण नजर तीच. ढिगात हात घालताच हे प्लॅस्टिक जाड की पातळ, याला भाव येईल की नाही, हे त्यांना कळतं. आज प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या पट्ट्या कापून, हातमागावर विणून पर्स करणारे उद्योग पुण्यातही आहेत. त्या पर्सचं कौतुक करताना आपण विणकरापर्यंत पोचतो, वेचणारीपर्यंत क्वचितच. पहिली निवड तिची असते, तेव्हा त्या पर्सच्या किमतीत तिचाही वाटा हवा, असं मला मनापासून वाटतं.

आता एक अडचण. ताडपत्री म्हणजे पॉलिएस्टरच्या कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. हे दोन पदार्थ एकमेकांपासून सोडवणं फार कठीण. म्हणजे पिशवी फाटली की कचऱ्याचा प्रश्न पुन्हा तिथेच येतो. मधली वर्षं तेवढी वाचली. प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून केलेल्या कापडाचंही तसंच आहे. त्या कापडात दुसरे धागे मिसळले, की त्यातून पुन्हा बाटलीपर्यंत जाणारी वाट जवळजवळ बंद होते. फ्रायटाग बंधूंच्या कंपनीलाही हे ठाऊक आहे. म्हणून त्यांनी आता ताडपत्री बनवणाऱ्यांकडेच मोर्चा वळवला आहे: ट्रकवर चढण्याआधीच ती अशी घडावी, की पिशवीचंही आयुष्य संपल्यावर तिच्यापासून नवी ताडपत्री करता येईल. ते काम पिशवी शिवण्याहून कितीतरी अवघड आहे.