पहिल्या भेटीचा रविवार

(सैनिकी शाळांत निवड झालेल्या विद्यार्थ्यांच्या पालकांसमोर चंद्रपूर येथे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या मुलांची निवड झाली, आपले अभिनंदन झाले, पेढेही वाटून झाले. शाळेकडून आलेल्या यादीप्रमाणे ट्रंक, मच्छरदाणी, पांढरे कॅनव्हासचे बूट, सहा-सहा जोड मोजे अशी खरेदी चालू असेल. यादी मोठी काटेकोर असते. मात्र ज्या एका गोष्टीची तयारी प्रत्येक घराला करावी लागते, तिचा उल्लेख कोणत्याही यादीत नसतो. ती गोष्ट म्हणजे मूल तिकडे गेल्यानंतरची आपली पहिली भेट. आज मी राष्ट्रभक्ती या विषयावर बोलणार नाही. ती आपल्यात आहे म्हणूनच आपण येथे आलो आहोत. मी त्या एका रविवारविषयी बोलणार आहे.

ही संधी आपल्या दारात किती उशिरा आली, हे आधी लक्षात घेऊ. देशातील पहिले सैनिक स्कूल २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाले. त्यानंतर महाराष्ट्रातील दुसरे सैनिक स्कूल सुरू व्हायला २०१९ साल उजाडले, आणि ते आपल्या चंद्रपूर-बल्लारपूर मार्गावर झाले. मधली अठ्ठावन्न वर्षे विदर्भातल्या मुलाला सातारा गाठावे लागे. बल्लारशाहून निघालेल्या मुलाच्या दृष्टीने ते राज्याचे दुसरे टोक. आई-वडिलांची भेट सुटीतच, एरवी पोस्टकार्ड. त्याही आधी नागपूरच्या डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला भोंसला मिलिटरी स्कूल काढले. पेशाने नेत्रवैद्य असलेल्या या माणसाने उतारवयात दारोदार फिरून त्यासाठी निधी जमवला. तेथील विद्यार्थ्यांना 'रामदंडी' म्हणतात. आपल्यापैकी काही घरांतली मुले भोंसलाच्या उन्हाळी सैनिकी शिबिराला जाऊन आलेली असतील. त्या घरांना मी आज जे सांगणार आहे त्याची थोडी चव आधीच मिळालेली आहे. पण शिबिराचा शेवटचा दिवस मुलाला ठाऊक असतो आणि तो बोटांवर दिवस मोजू शकतो. सहावीत प्रवेश घेतलेल्या मुलापुढे सात वर्षे असतात. दोन्हींत हा मोठा फरक आहे.

पहिल्या काही आठवड्यांत या मुलाचे काय होते? दहा-बारा वर्षांचे ते लेकरू. घरी आईने तीन हाका मारल्याशिवाय उठत नव्हते, ते आता पहाटे शिटीवर उठते. अंथरुणाची घडी, बुटांना पॉलिश, पी.टी., रांगेत न्याहारी, वर्ग, खेळ, संध्याकाळचा अभ्यास, ठरल्या वेळी दिवे बंद. काटा-चमचा हाती धरता येत नाही म्हणून पहिले चार दिवस कित्येक मुले अर्धपोटी उठतात. जूनमधले आपल्याकडचे ऊन आपण जाणतोच. दिवसभर मुलाला रडायला सवडच नसते. घर आठवते ते दोन वेळांना, संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास आणि रात्री अंथरुणावर. वसतिगृह सांभाळलेल्या कोणालाही विचारा, तो हेच सांगेल.

अशा संस्था सुरुवातीचे काही आठवडे भेट का टाळायला सांगतात, याचे उत्तर येथे आहे. पुष्कळ पालकांना तो निष्ठुरपणा वाटतो. वस्तुतः या काळात मूल एक शोध घेत असते. रडू आले तर कोणाजवळ जायचे, याचा शोध. शेजारच्या खाटेवरचा मित्र, सदनातला एखादा दादा, मेसमधला वाढपी, मेट्रन, खेळाचे सर, यांच्यापैकी कोणीतरी त्याला सापडते. एकदा ते सापडले की मूल तेथे रुजते. आपण चौथ्याच दिवशी फाटकाशी जाऊन उभे राहिलो, तर त्याचा शोध थांबतो. रोप लावल्यावर मूळ धरले की नाही हे पाहण्यासाठी ते रोज उपटून बघणाऱ्या माणसासारखे आपले होते.

आता प्रत्यक्ष भेट. ती कशी घडते याचा क्रम मी इतक्या घरांतून ऐकला आहे की तो जवळपास पाठ झाला आहे. मूल समोर येते ते बारीक झालेले, रापलेले, केस कापलेले. आईला क्षणभर ओळखूच येत नाही. पहिला अर्धा तास ते फारसे बोलत नाही, विचारल्यास 'बरं आहे' म्हणते आणि आणलेले खाते. मग हळूहळू गाय व्याली का, आजीचा गुडघा कसा आहे, धाकट्याने माझी सायकल घेतली का, अशी चौकशी सुरू होते. आणि आपण उठायला लागलो, की त्या वेळी, नेमके त्याच वेळी, ते हात घट्ट धरते आणि म्हणते, "मला घरी न्या."

या वाक्याला काय उत्तर द्यायचे हे बसमध्ये बसण्यापूर्वी पती-पत्नींनी एकमेकांत ठरवून जावे. तिथल्या तिथे ठरवू गेलात, तर बाबा एक बोलतील, आई दुसरे बोलेल आणि मूल दोघांच्या मधली फट अचूक हेरील. सर्वांत वाईट उत्तर म्हणजे 'बघू'. 'बघू' या शब्दावर मूल पुढचे पंधरा दिवस काढते. ट्रंक अर्धी भरून ठेवणारी मुले असतात. त्यापेक्षा "तुला आठवण येते, आम्हालाही येते. दिवाळीच्या सुटीत तुला न्यायला मी स्वतः येईन," असे स्पष्ट सांगावे आणि दिवाळीला खरोखरच जावे. शब्द पाळला गेला, तर पुढच्या वेळी तो हात इतका घट्ट धरत नाही.

परंतु येथे एक सावधगिरी सांगितली नाही, तर मी माझे काम अर्धेच केले असे होईल. घरची आठवण येणे वेगळे आणि मूल खरोखर संकटात असणे वेगळे. मूल खेळ, मित्र, जेवण यांविषयी काही तरी सांगते आहे, भांडणांच्या का होईना गोष्टी सांगते आहे, मग निघताना रडते आहे, तर चिंता नको. पण ते काहीच सांगत नसेल, एखाद्या विशिष्ट नावावर गप्प होत असेल, अंगावर वळ असतील, कधी नव्हे ते अंथरूण ओले होऊ लागले असेल, तर 'सैनिक असा रडतो का' हे वाक्य कृपा करून उच्चारू नका. त्याच दिवशी, ठरलेली बस चुकली तरी चालेल, प्राचार्यांना भेटा. मोठ्या मुलांनी लहानांना मारण्याला शिस्त म्हणत नाहीत. संघस्थानावर आपण शिस्त शिकलो ती कोणाच्या मारामुळे नव्हे. आणि सर्व काही करूनही एखादे मूल तेथे रमत नसेल, तर त्याला परत आणण्यात कुळाला बट्टा लागत नाही. गणवेशावाचूनही देशाची पुष्कळ कामे पडून आहेत. नातेवाइकांना काय सांगायचे, या धास्तीने मुलाला तिथे ठेवणारे पालक मी पाहिले आहेत. तो मला शुद्ध अन्याय वाटतो.

व्यासपीठावरून आपण जिजाऊंचे नाव पुष्कळदा घेतो. त्यांच्या आयुष्यातला १६६६ चा उन्हाळा मात्र आपल्याला क्वचितच आठवतो. मार्च महिन्यात शिवराय आग्र्याला निघाले आणि बरोबर संभाजीराजांना घेऊन गेले. १२ मे रोजी औरंगजेबाच्या दरबारात ते उभे होते, तेव्हा संभाजीराजांना नऊ वर्षे पूर्ण व्हायला दोन दिवस बाकी होते. आपल्या सहावीतल्या मुलांपेक्षा ते लहान होते. मुलगा कैदेत, नातू कैदेत, आणि मागे राज्याचा भार जिजाऊंवर. सुटकेनंतर शिवराय राजगडी पोहोचले ते एकटेच. नातवाला मथुरेत ठेवलेले होते आणि सुरक्षिततेसाठी तो वारल्याची आवई उठवलेली होती. तो परत येईपर्यंतचे दिवस त्या आजीने कसे काढले असतील? आपल्याला निदान रविवार तरी आहे.

डब्याविषयी थोडे बोलतो, कारण माता-भगिनींच्या मनात निम्मे तेच असते. काही शाळा बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. नियम आधी विचारून घ्या. परवानगी असेल तर कोरडे न्या. आपल्या उन्हात ओल्या नारळाच्या वड्या दुपारपर्यंत आंबतात आणि पोट बिघडून मूल दवाखान्यात जाते. शंकरपाळे, चकली, चिवडा, मोहफुलांचे लाडू न्या. आणि मोजून आपल्या एकट्याच्या मुलाला पुरेल इतके नेऊ नका. एका दालनातली मुले डोळ्यांसमोर आणा आणि त्या अंदाजाने डबा भरा. चोरून दिलेला मोबाइल आणि खिशात सारलेली पाचशेची नोट यांनी मुलाचे काही भले होत नाही. तपासणीत सापडले की अपमान त्याचा होतो, आपण तोवर घरी पोहोचलेलो असतो.

मुलींच्या पालकांसाठी दोन शब्द. सैनिक स्कूलची दारे मुलींना सरसकट खुली झाली ती २०२१-२२ पासून. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली आणि त्यांतल्या सतरा जणी ३० मे २०२५ रोजी दीक्षान्त संचलनात मुलांच्या खांद्याला खांदा लावून बाहेर पडल्या. तेव्हा भेटीला गेल्यावर "किती काळवंडलीस गं" हे पहिले वाक्य नसावे. मुलाला आपण ते म्हणत नाही. तिने कितव्या फेरीत कोणाला मागे टाकले, ते विचारा.

आता ज्या विषयासाठी मी खरे तर येथे आलो, त्याकडे वळतो. त्या रविवारी प्रांगणात झाडाखाली सतरंज्या पसरलेल्या असतात, डबे उघडलेले असतात. आणि काही मुले खोलीच्या खिडकीत उभी असतात. त्यांच्याकडे कोणी आलेले नसते.

ती मुले कोणाची? अनुसूचित जमातीसाठी या शाळांत साडेसात टक्के जागा आहेत. आपल्या भागातून ती मुले येतील तर धानोरा, एटापल्ली, भामरागड, सिरोंच्याकडून येतील. मे महिन्यात त्यांचे आई-बाप पहाटेपासून तेंदूपाने तोडत असतात. हंगाम मोजक्या दिवसांचा, वर्षाची रोकड त्यातूनच यायची. जुलैत धानाची रोवणी, चिखलातून पाय काढता येत नाही. आणि पाऊस धरला की पर्लकोटेचे पाणी चढते. वर्षानुवर्षे तिच्या पुराने भामरागडचा जगाशी संबंध तुटत आला आहे. सिरोंच्याहून चंद्रपूरला यायचे तर दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास, म्हणजे मुक्काम आला, दोन दिवसांची मजुरी बुडाली, दोघांचे भाडे गेले. आपण येथे पंधरा मिनिटांत स्कूटरवरून पोहोचतो आणि ऊन फार आहे म्हणून कुरकुरतो.

त्या गावांत गणवेश या शब्दाचा अर्थही आपल्याहून वेगळा राहिला आहे. आपल्या घरात तो भिंतीवरच्या छायाचित्रात शोभतो. तेथे एकाच गावातला एक मुलगा पोलिसांत आणि दुसरा दलममध्ये नेलेला, अशी वर्षे गेली. १९९० मध्ये सी-६० हे पथक उभे राहिले ते त्याच जंगलातल्या तरुणांतून. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनी, जांभुळखेड्याच्या सुरुंगस्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांचा वाहनचालक गेला. घरातला एक जण पोलिसांत आहे म्हणून रात्री दार वाजण्याची धास्ती बाळगणारी कुटुंबे त्या पट्ट्यात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपतीने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा त्या कुटुंबांनी काय सोडले असेल ते सुस्काऱ्यात मोजावे लागेल. अशा घराने आपले दहा-अकरा वर्षांचे मूल सैनिकी शाळेत पाठवणे आणि आपण पाठवणे, यांत धैर्य कोणाचे मोठे, हे मी सांगायला नको.

संघाचा पहिला उन्हाळी वर्ग १९२७ साली नागपुरात झाला. तेव्हापासून वर्गांचे स्वरूप बदलले, २०२४ पासून नावेही बदलली, तरी मातृहस्ते भोजनाचा प्रसंग आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. घरोघरच्या माता डबे घेऊन येतात. आपले मूल वर्गात असलेली आईसुद्धा त्याला शोधत पंगतीतून फिरत नाही. समोर जो बसला आहे त्याला वाढते. मी आपल्याकडे एवढेच मागतो आहे. चंद्रपूर-बल्लारपूरच्या प्रत्येक घराने खिडकीतल्या एका मुलाचा रविवार आपला मानावा.

ते कसे करायचे, यात पथ्ये आहेत. परक्या मुलाला भेटायचे तर त्याच्या आई-वडिलांची लेखी संमती आणि शाळेची परवानगी हवी. परस्पर जाऊ नये, आणि परस्पर जाऊ न देणारी शाळाच चांगली शाळा. संमतीसाठी त्या गावी एकदा तरी जाऊन या, म्हणजे भेटीत सांगायला घरची खबर राहील. तो माडिया बोलत असेल तर चार शब्द शिकून जा, त्याच्या मराठीला हसू नका. 'बिचारा' हा शब्द मनातही आणू नका, तो मुलांना ऐकू येतो. आणि कार्यकर्त्यांना हात जोडून सांगतो, त्या मुलाच्या हातात लाडू देतानाचे छायाचित्र काढू नका. सेवाकार्याच्या अहवालात त्याची गरज पडली, तर अहवाल एका पानाने लहान होऊ द्या.

बाहेर पडताना उजव्या हाताला टेबलावर वही ठेवलेली आहे. नाव, पत्ता आणि महिन्यातला कोणता रविवार आपल्याला जमेल, एवढेच लिहायचे आहे. जुलै-ऑगस्टचे रविवार आधी भरावेत, कारण रोवणी त्याच वेळी असते.