व्हेर्चेल्लीचा पांढरा सदरा

श्रोतेहो, इटलींतील फुटबॉलचा विषय निघाला कीं मिलान, तुरीन, रोम यांचीं नांवें आपल्या ओठांवर येतात. आज मी आपणांस एका लहान शहराच्या संघाची हकीकत सांगणार आहें.

तुरीन व मिलान यांच्या दरम्यान, भाताच्या खाचरांनी वेढलेलें व्हेर्चेल्ली हें शहर वसलें आहे. तेथें १८९२ सालीं व्यायामाची एक संस्था निघाली व १९०३ मध्यें तिनें फुटबॉलची शाखा काढली. हाच ‘प्रो व्हेर्चेल्ली’ संघ. पांचच वर्षांत, म्हणजे १९०८ सालीं, त्यानें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें आणि १९२२ पर्यंत तें एकूण सात वेळां जिंकलें. १ मे १९१३ रोजीं बेल्जमविरुद्ध इटलीतर्फे जे अकरा खेळाडू उतरले, त्यांतील नऊ एकट्या व्हेर्चेल्लीचे होते! कसून केलेली मेहनत आणि गांवचींच मुलें, एवढेंच या संघाचें भांडवल होतें.

या संघाचा मानी स्वभाव १९१० सालीं दिसून आला. निर्णायक सामन्याच्या दिवशीं कांहीं खेळाडू लष्करी सामन्यांत गुंतले होते. तारीख बदलण्याची विनंति अमान्य झाली, तेव्हां संघानें निषेध म्हणून लहान मुलें मैदानांत उतरविलीं. मिलानच्या ‘इंटर’नें दहा विरुद्ध तीन असा विजय मिळविला. पद गेलें, पण व्हेर्चेल्लीकरांनी मान तुकविली नाहीं.

पुढें खेळांत पैसा आला. १९२३ सालीं रोझेट्टा हा नामांकित खेळाडू तुरीनच्या ‘युव्हेंटस’कडे गेला, त्यावरून मोठा वाद माजला. १९३४ मध्यें सिल्व्हिओ पिओला रोमच्या ‘लात्सिओ’कडे गेला. १९३८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत त्यानें दोन गोल केले, आणि पहिल्या श्रेणींतील त्याच्या २७४ गोलांचा विक्रम अद्यापि अबाधित आहे. मात्र १९३५ सालीं व्हेर्चेल्लीचा संघ त्या श्रेणींतून खालीं उतरला, तो पुन्हां तेथें पोंचला नाहीं. भात पिकावें खाचरांत आणि बाजार भरावा शहरांत, तशीच ही गोष्ट झाली.

२०१० सालीं आर्थिक अडचणींत जुनी संस्था बुडाली. तेव्हां त्याच शहरांतील दुसऱ्या एका संघानें तिचें नांव व पांढरा सदरा धारण केला, आणि २०१२ मध्यें, ६४ वर्षांनंतर, दुसरी श्रेणी पुन्हां गांठली. तेंही स्थान पुढें टिकलें नाहीं. परंतु श्रोतेहो, वैभव सरल्यावरहि आपल्या संघाचें नांव बुडूं न देणें, हा व्हेर्चेल्लीकरांचा विजय मला त्या सात अजिंक्यपदांहून कमी मोलाचा वाटत नाहीं.