चिमणी आणि आपण



रौप्यमहोत्सवात मास्तराला बोलायला उभे केले म्हणजे तो शिक्षणावर बोलणार, अशी आपली अटकळ असेल. मी चिमणीवर बोलणार आहे.

आपण बमरोलीत राहणारे मराठी लोक पोटामागे येथे आलो, कोणी खानदेशातून, कोणी आणखी कोठून. चिमणीही माणसाच्या दाण्यामागे जगभर गेली. १८५१-५२ साली तिला इंग्लंडहून मुद्दाम अमेरिकेत ब्रुकलिनला नेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातली चिमणी दरबानला पोहोचली. सुरत जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबेही त्याच बंदरात उतरली आहेत. दक्षिण आफ्रिकेत आज घरोघर दिसते ती बहुतेक याच वाणाची.

अमेरिकेत ती इतकी वाढली की लोकांना पीडा वाटू लागली. पुढे घोडागाड्या जाऊन मोटारी आल्या, रस्त्यावर सांडणारी चंदी संपली आणि शहरांतून ती ओसरली. इंग्लंडात तर २००२ पासून ती चिंतेच्या लाल यादीत आहे.

आपल्याकडे मोबाइलच्या मनोऱ्यांनी चिमण्या मारल्या असे सर्रास म्हणतात. त्याला ठोस पुरावा नाही. देशातल्या पक्ष्यांचा २०२० साली जो अहवाल निघाला, त्यात देशभर चिमणी बरीचशी टिकून आहे, मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या शहरांत मात्र घटली आहे, असे दिसले.

माझेच सांगतो. आमचे जुने घर कौलारू होते. स्लॅब टाकायच्या वेळी मिस्त्रीने वाशाच्या फटीतले घरटे दाखवले. आत पिल्ले होती. चार दिवस थांबू म्हटले, पण मजुरी चढत होती, थांबलो नाही. अम्मी काही बोलली नाही. अंगणात कण्या टाकणे तिने चालूच ठेवले. पारवे येतात, चिमणी नाही.

शास्त्र शिकवूनही एक गोष्ट मला उशिरा उमगली. पिल्लांना पहिले काही दिवस दाणा चालत नाही, अळ्या-किडे लागतात. फरशी घातलेल्या अंगणात ते कोठून येणार? कण्यांबरोबर फट हवी आणि दोन झुडपेही हवीत.

ट्रस्टच्या नव्या सभागृहाचे बांधकाम निघणार आहे असे ऐकतो. पूर्वेच्या भिंतीत, छपराखाली, वीतभर खोलीचे दहा कोनाडे ठेवता येतील का, असे त्याच मिस्त्रीला विचारले. तो म्हणाला, “मास्तर, खर्च काहीच नाही. प्लॅस्टर करण्याआधी सांगा.”