गजाची निगा
(ग्रंथालयाच्या शताब्दी वर्षात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



मराठीच्या अध्यापकाने वाद्याच्या गजाविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु या विषयाने मला एकदा चांगलाच धडा शिकविला आहे, आणि त्या धड्याचा संबंध आपल्या ग्रंथालयाशीही पोहोचतो.

गजाने वाजणाऱ्या वाद्यांचा सूर मराठी मनाला परका नाही. बालगंधर्वांच्या गायनाला कादरबक्ष यांच्या सारंगीची साथ होती. गजाननबुवा जोशी गायनात आणि व्हायोलिनवादनात सारख्याच अधिकाराने वावरले. श्रीधर पार्सेकर आणि डी. के. दातार यांनी व्हायोलिनला गाते केले. साथीच्या सारंगीला स्वतंत्र वादनाचे आसन मिळवून देणारे पंडित रामनारायण २०२४ साली मुंबईत निवर्तले. या कलावंतांच्या डाव्या हाताच्या बोटांचे आपण कौतुक करतो. उजव्या हातातील गजाकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

गज म्हणजे लाकडाची एक काडी आणि तिला ताणून बसविलेले घोड्याच्या शेपटीचे केस. व्हायोलिनचा गज सुमारे पाऊण मीटर लांब, वजनाने अवघा साठ ग्रॅमच्या आसपास. त्यात साधारण दीडशे ते दोनशे केस असतात. सारंगीचा गज याहून जड, आणि तो तळहात वर करून धरतात. केस नुसते फिरविले तर तार बोलत नाही. त्यांवर राळ घासावी लागते. राळ लावलेला केस तारेला पकडून ओढतो, ताण वाढला की तार निसटते, पुन्हा पकडली जाते. सेकंदाला ४४० कंपनांचा स्वर लागतो, तेव्हा ही पकड आणि सुटका सेकंदात ४४० वेळा घडत असते. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने तारेच्या या गतीचा उलगडा केला.

केस झिजतात, तुटतात, हाताच्या तेलकटपणाने राळ धरीनासे होतात. म्हणून नित्य वाजविणाऱ्याला वर्षा-सहा महिन्यांनी ते बदलावे लागतात. जुने केस कापून टोकाच्या आणि मुठीकडच्या खाचांतील लाकडी पाचरी अलगद काढायच्या; सारख्या जाडीच्या केसांचा नवा झुपका दोऱ्याने बांधून टोकात पाचरीने बसवायचा; ओल्या केसांतून फणी फिरवून ते समांतर करायचे; मग दुसरे टोक मुठीकडच्या सरकत्या ठोकळ्यात अडकवायचे. पाचर नेमक्या मापाची असली की सरस लागत नाही. सरस लावला, तर पुढच्या वेळी पाचर काढताना लाकूडच दुखावते.

या साऱ्यात हवामानाचा वाटा फार मोठा. घोड्याचा केस दमट हवेत लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो. पावसाळ्यात ढिला वाटणारा गज वैशाखात आपोआप ताणला जातो. म्हणून वादन संपताच मुठीकडचा स्क्रू सैल करावा, असा दंडक आहे.

आता माझी चूक सांगतो. वडिलांच्या पश्चात त्यांचे व्हायोलिन मी पेटीत बंद करून कपाटावर ठेवले. हात लावू नये, हाच आदर, अशी माझी समजूत. बारा वर्षांनी मुलीने शिकायची इच्छा दाखविली म्हणून पेटी उघडली, तो गजाचे निम्मे केस कुरतडलेले! अंधाऱ्या, बंद पेटीत केस खाणारे किडे होतात, हे तेव्हा कळले. ऐन आषाढात समुद्रकाठच्या एका शहरात गज दुरुस्तीला दिला. कारागिराने त्या दमट हवेच्या मापाने केस आखूड बसविले. आम्ही कोठे राहतो हे त्याने विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. पुढच्या एप्रिलमध्ये, बहादरपुरच्या कोरड्या उन्हात, पूर्ण सैल केलेला गजसुद्धा ताणलेलाच राहिला, आणि एका दुपारी पेटीतल्या पेटीत त्याचे टोक तुटले. वडिलांनी चाळीस वर्षे जपलेली काडी माझ्या हाती एका वर्षात गेली. मुलीने विचारले, "आजोबांच्या गजाने मला वाजवायचं होतं, आता?" मला उत्तर देता आले नाही.

पुढे एका वृद्ध कारागिराने ते टोक सांधून दिले. सांधा दिसतो आणि आवाजही पूर्वीचा नाही; पण गज वाजतो. निरोप देताना ते म्हणाले, "मास्तर, केस हे बदलायचेच असतात. काडी जपायची असते. तुम्ही दोन्ही पेटीत ठेवलीत."

मित्रहो, हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. आपल्या कपाटांतील कित्येक ग्रंथ शंभरीच्या घरात आहेत. न उघडलेल्या ग्रंथाला कसर लागते. पुस्तकाचा पुठ्ठा आणि शिवण ही गजाच्या केसांसारखी. ती झिजणारच, आणि ती वेळेवर बदलली पाहिजेत. पण ते काम ग्रंथाचे वय, कागद आणि येथील हवा जाणणाऱ्या हातांनीच व्हावे. आणि त्याहून महत्त्वाचे, ग्रंथ वाचकाच्या हाती जात राहिले पाहिजेत. मराठी मुलुखाच्या या सीमेवर, ताप्तीच्या खोऱ्यात, आपल्या पूर्वसूरींनी शंभर वर्षे जे जपले, ते कुलूप लावून टिकणार नाही.

म्हणून माझी सभासदांना नम्र विनंती आहे. घरी परतल्यावर एखादी बंद पेटी उघडा. आणि येत्या आठवड्यात येथून एखादा असा ग्रंथ घरी न्या, ज्याच्या कार्डावर कित्येक वर्षांत तारखेचा शिक्का पडलेला नाही.