थंडीत गाडी अडू नये म्हणून

(गावच्या चौकात केलेले भाषण)



दिवाळी झाली. कापूस घरी येऊ लागला. पहाटे हिव पडते आहे. आपण शेकोटी पेटवतो, घोंगडी पांघरतो, बैलांच्या पाठीवर पोते टाकतो. पण दारात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचे काय? जीपचे काय? त्यांनाही थंडी बाधते. आज त्याविषयी चार गोष्टी सांगतो.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग. बुलढाणा, चिखली, मेहकर हे घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव हे घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. घाटावर गारवा अधिक. पौष महिन्यात पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. दुपारी तोच तीस अंशांच्या जवळ जातो.

एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. पुढे एस. टी. खेडोपाडी पोचली. गावात मुक्कामी गाडी येऊ लागली. रात्री यायची, सकाळी जायची. थंडीत ती सुरू होईना, की गावातली माणसे धक्का मारायला धावत. ते आठवून आपण हसतो. पण समजा, पहाटे चार वाजता एखाद्या बाईला कळा सुरू झाल्या. दवाखाना लांब आहे. जीप नुसती गुरगुरते, पेटत नाही. मग कोणाला हसू येईल?

थंडीत गाडी का अडते? खोबरेल तेलाची बाटली पाहा. उन्हाळ्यात तेल पाण्यासारखे, हिवाळ्यात थिजलेले. इंजिनातले तेल तसे थिजत नाही, पण घट्ट होते. त्यामुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. हा जोर देते बॅटरी. आणि थंडीत बॅटरीचाच जोर कमी होतो. म्हणजे काम वाढले नि मजूर आजारी पडला, अशी गत होते.

शिवाय डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. आत हवा दाबली जाते. दाबून ती पाचशे अंशांच्या वर तापते. त्या तापाने डिझेल पेटते. इंजिनाचे लोखंड गार असले, की हा ताप लोखंडच खाऊन टाकते.

मग करायचे काय?

पहिले काम बॅटरीचे. तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते ना? ती कोमट पाण्यात खायचा सोडा घालून पुसा. तार काढताना उणे खुणेची आधी काढा, बसवताना ती शेवटी बसवा. वरून व्हॅसलिन लावा. झाकणे उघडणारी बॅटरी असेल, तर त्यात बॅटरीचे शुद्ध पाणीच घाला. विहिरीचे घालू नका. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. तिच्याजवळ बिडी ओढू नका.

दुसरे, गाडी सुरू करण्याचे. क्लच दाबा. स्टार्टर दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ फिरवू नका. मिनिटभर थांबा, मग पुन्हा फिरवा. इंजिनाला तापवणारा हीटर असेल, तर आधी तो लावा. इंजिन लागले की लगेच जोराने पळवू नका. आणि बंद कोठ्यात इंजिन चालू ठेवू नका. त्याच्या धुराने माणूस झोपेतच दगावतो.

तिसरे, टाकी. संध्याकाळी टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत रात्री दव धरते. ते पाणी डिझेलमध्ये उतरते. फिल्टरखालचे पाणी वेळच्या वेळी काढून टाका. डिझेल गोठेल ही भीती मात्र आपल्याकडे नाही. ती लडाखात आहे. म्हणून २०१९ साली इंडियन ऑइलने तिकडच्यासाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे वेगळे डिझेल काढले.

चौथे, चाके. पारा पाच-सहा अंश उतरला, की टायरची हवा साधारण एक पौंड उतरते. दुपारी बरोबर असलेली हवा पहाटे तीन पौंडांनी कमी भरते. म्हणून हवा सकाळी तपासावी, गाडी धावण्याआधी. पंख्याचा पट्टा आणि रबरी नळ्या यांना चिरा पडल्या असतील, तर बदलून घ्याव्या.

आता दोन गोष्टी अगदी कळकळीने सांगतो.

इंजिन गार आहे म्हणून कोणी पलिता पेटवतात. कोणी टाकीखाली काड्यांचा जाळ करतात. हे करू नका! मागे ट्रॉलीत कापूस भरलेला असतो. वर्षाची मेहनत एका ठिणगीत जाईल. माणूसही जाईल. त्यापेक्षा रात्री गाडी आडोशाला लावा. इंजिनावर गोणपाट टाका. सकाळी ते आठवणीने काढा.

दुसरी गोष्ट उताराची. बॅटरी कमजोर, म्हणून गाडी उतारावर लावायची आणि सकाळी ढकलून गिअर टाकायचा, ही खोड वाईट. मोठ्या गाड्यांचा ब्रेक हवेवर चालतो. ती हवा इंजिन भरते. इंजिनच बंद, तर ब्रेक कसा लागेल? राजूर घाट, बोथा घाट आपण जाणतो. तेथे हा खेळ चालत नाही. आणि त्या हवेच्या टाकीत पाणी साचते. तेही रोज सोडून द्यावे.

खोऱ्यात पहाटे धुके असते. तेव्हा दिवा खाली पाडा, गाडी हळू हाका. ट्रॉलीच्या पाठीला लाल चकाकणारी पट्टी लावा. बंद पडलेली ट्रॉली अंधारात रस्त्यावर सोडून घरी जाऊ नका. मागून येणाऱ्याच्याही घरी लेकरे आहेत.

मंडळी, यात खर्चाचे काम थोडे आहे. चिंधी, सोडा, व्हॅसलिन आणि संध्याकाळची दहा मिनिटे. आपले वडील बैलाला चारा टाकल्याशिवाय जेवत नसत. गाडीच्या आसाला वंगण घातल्याशिवाय बाजाराला निघत नसत. जनावर निदान हंबरून सांगते. यंत्र सांगत नाही. म्हणून आपणच विचारावे. आज घरी जाल, तेव्हा झोपण्याआधी एकदा गाडीपाशी जा आणि बॅटरी पाहा.