गृध्रसीचे दुखणे



शिक्षण, विवाह आणि वसतिगृह हे आपल्या संमेलनाचे नेहमीचे विषय. यंदा चालकांनी मला एका दुखण्याविषयी बोलावयास सांगितले आहे. कमरेतून निघून कुल्ला, मांडीची मागील बाजू आणि पोटरी यांतून पावलापर्यंत उतरणारी ती कळ वाशीम जिल्ह्यात कोणत्या गावी ठाऊक नाही? कोणी म्हणतो नस दबली, कोणी म्हणतो वात भरला. डॉक्टर तिला सायटिका म्हणतात, आणि आयुर्वेदातील तिचे नाव गृध्रसी. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, वातव्याधींच्या अध्यायात, ही वेदना नितंबापासून निघून मांडी, गुडघा, पोटरी व पाऊल अशी क्रमाने खाली उतरते असे वर्णन आहे. आजच्या कोणत्याही रुग्णास विचारावे, तो हीच वाट बोटाने दाखवील.

हे दुखणे सांध्याचे नसून मज्जातंतूचे आहे, हे युरोपात नेपल्सच्या कोतुन्यो या वैद्याने १७६४ साली स्पष्ट केले. पुढे १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शस्त्रवैद्यांच्या निबंधाने त्याचे प्रमुख कारणही उजेडात आले. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. तिचे वेष्टन चिवट आणि आतील गर मऊ. वेष्टन झिजून चिरले म्हणजे गर बाहेर सरकतो, मज्जातंतूच्या मुळावर दाब आणतो आणि तेथे दाह उत्पन्न करतो. दोष कमरेत आणि ओरडतो पाय! म्हणूनच पोटरी कितीही रगडली तरी मूळ दुखणे हटत नाही. आता आपल्याकडील कामांचा विचार करावा. निंदण वाकून, सोयाबीनची सोंगणी वाकून, पोते उचलावयाचे तेही वाकून आणि कंबर पिळून. आणि संध्याकाळी खड्ड्यांच्या रस्त्याने मोटारसायकलवर घरी यावयाचे. कंबरेने तरी किती सोसावे?

परंतु या रोगात एक मोठी आशेची गोष्ट आहे. बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीर स्वतःच शोषून घेते, आणि बहुसंख्य रुग्णांस सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ आराम पडतो. त्या अवधीत जो उपाय केला असेल त्यालाच यश मिळते! पायाळू माणसाची लाथ असो, पारिजातकाच्या पानांचा काढा असो, की कोणाचे मालिशचे तेल असो. काढ्याशी माझे भांडण नाही. डाग देण्याशी मात्र आहे. कारण ज्या पायाची संवेदना आधीच मंदावली आहे त्यास भाजल्याचेही कळत नाही, आणि जखम चिघळते. तसेच, घटकाभरात गुण देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून दूर राहावे. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे, आणि मधुमेही माणसास ते फार महाग पडते.

खाटेवर पडून राहण्याचा जुना सल्लाही आता मागे पडला आहे. १९९९ साली हॉलंडमध्ये १८३ रुग्णांवर प्रयोग झाला. दोन आठवडे अंथरुणास खिळून राहिलेल्यांस, हिंडत्या-फिरत्यांपेक्षा काही अधिक लाभ झाला नाही. तेव्हा सोसेल तितके, थोडे थोडे, दिवसातून अनेक वेळा चालावे. कुशीवर निजताना गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्यावी, उताणे निजताना गुडघ्यांखाली. एकाच आसनात फार वेळ बसू नये. ओझे उचलणे अटळच असेल तर गुडघे वाकवून, अंगालगत धरून उचलावे. औषधांची अपेक्षाही बेताचीच ठेवावी. प्रीगाबालिन ही गोळी या दुखण्यात सर्रास दिली जाते; परंतु २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील प्रयोगात औषधहीन गोळीपेक्षा तिने वेदना अधिक कमी केली नाही, चक्कर मात्र अधिक आणली. आपल्या वैद्यास विचारल्यावाचून ती एकाएकी बंदही करू नये.

आता शस्त्रक्रिया. दुसऱ्याच महिन्यात शेत गहाण टाकून शहराकडे धावणारी कुटुंबे आहेत, आणि दोन दोन वर्षे कण्हत बसून नाव काढू न देणारीही आहेत. हॉलंडमध्येच २८३ रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची कळ लवकर थांबली, परंतु वर्षअखेर दोन्ही गटांत बरे झालेल्यांचे प्रमाण सारखेच, शेकडा ९५ होते. उलट, कळ चार महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या १२८ रुग्णांचा कॅनडातील अभ्यास २०२० साली आला. त्यात सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांची वेदना निश्चित कमी होती. म्हणजे प्रारंभी घाई नको. पण दुखणे मुरले, पायाची कळ हटेना, आणि एमआरआयमधील दोष लक्षणांशी जुळत असेल, तर भीतीने मागे सरू नये.

एका प्रसंगी मात्र एक दिवसही दवडू नये, आणि येथे मी विशेषतः भगिनींशी बोलतो. बसण्याची जागा बधिर होणे, लघवी अडकणे किंवा नकळत होणे, दोन्ही पायांतील बळ जाणे, ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात, अकोल्यास वा नागपुरास, पोहोचले पाहिजे. विलंब झाल्यास ही हानी कायमची राहू शकते. सून ही गोष्ट सासूस सांगत नाही, सासू मुलास सांगत नाही. आणि लाजेपायी आठवडा निघून जातो. चालताना चप्पल पायातून निसटते आणि ध्यानातही येत नाही, हेही पाऊल लुळे पडू लागल्याचे चिन्ह आहे. त्यासही लांबणीवर टाकू नये.

शेवटी चालकांस एक विनंती. आपल्या संमेलनाची पंगत जमिनीवर बसते. कंबरदुखीने ग्रासलेले पुष्कळ बांधव बसता येत नाही म्हणून न जेवताच निघून जातात, आणि कारण विचारले तर घाई आहे म्हणतात. पुढील वर्षापासून पंगतीच्या एका बाजूस उंच पाठीच्या पाचपन्नास खुर्च्या मांडाव्यात, आणि वसतिगृहाच्या अतिथिगृहात एक तरी उंच बैठकीचे शौचकूप बांधावे. खर्चाचा अंदाज मी कार्यवाहांकडे दिला आहे.